खोक्यावर संशय शेवटी

गाडी सेल्फ घेते, इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही. म्हणजे कॉम्प्युटर गेला. टेक्सासमधल्या ज्या गॅरेजमध्ये मी सुट्टीच्या दिवशी हाताखाली काम करायला जातो, तिथे लष्कराच्या लिलावातला ट्रक घेऊन येणारं जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक हे निदान घरूनच करून येतं. काहीजण तर जुन्या बाजारातून दुसरा कॉम्प्युटर विकत घेऊन, तो फडक्यात गुंडाळून सोबत आणतात. गॅरेजचा मालक पूर्वी अमेरिकी लष्करातच मेकॅनिक होता. तो ते गाठोडं न उघडता फळीवर ठेवतो आणि बॅटरीच्या पेटीचं झाकण काढायला घेतो.

हे ट्रक अमेरिकी लष्कराच्या 'एफएमटीव्ही' कुटुंबातले. मूळ आराखडा ऑस्ट्रियाच्या श्टायर कंपनीचा. १९९१ मध्ये स्टुअर्ट अँड स्टीव्हन्सनला कंत्राट मिळालं आणि टेक्सासमधल्या सीली गावी ते बनू लागले. अडीच टनी, चार चाकांचा एम१०७८ आणि पाच टनी, सहा चाकांचा एम१०८३ हे त्यातले नेहमी दिसणारे. इंजिन केबिनखाली, त्यामुळे काम करायचं तर सगळी केबिनच पुढे कलंडवावी लागते. लष्कराने काढून टाकलेले हे ट्रक शेतकरी घेतात, गावचं अग्निशमन दल घेतं, आणि पाठीवर घर बांधून वाळवंटात भटकायची हौस असलेली जोडपीही घेतात.

पहिल्या पिढीत कॅटरपिलरचं ३११६ इंजिन होतं. त्याची इंधनव्यवस्था यांत्रिक. डिझेल आणि हवा मिळाली आणि फिरवायला दमदार सेल्फ असला, की काम भागत असे. आपल्याकडे डिस्पोजलमधून जबलपूरचा लष्करी शक्तिमान ट्रक घेणाऱ्याला जी निश्चिंती होती, साधारण तीच. १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'ए१' पिढी आली, तिच्यात ७.२ लिटरचं ३१२६ बसलं, आणि इंधन कधी व किती सोडायचं हे इंजिनाच्या कुशीला बोल्टने आवळलेला एक ॲल्युमिनियमचा खोका ठरवू लागला. गिऱ्हाइकांचा 'कॉम्प्युटर' तो हाच; मेकॅनिक त्याला ईसीएम म्हणतात. त्याचं तोंड म्हणजे दोन जाडजूड कनेक्टर: एकात गाडीकडून येणाऱ्या तारा, दुसऱ्यात इंजिनाकडून येणाऱ्या.

या इंजिनाची एक तऱ्हा समजून घेतल्याशिवाय दोष शोधता येत नाही. इंजेक्टरमधलं डिझेल दाबायला इथे इंजिन ऑइलच वापरतात. एक वेगळा पंप ऑइलचा दाब चढवतो, तो ३००० पीएसआयच्या वर जाऊ शकतो. इंजेक्टरमधला मोठा दट्ट्या तो दाब झेलतो आणि खालच्या बारीक दट्ट्याने तो सात पटींच्या आसपास वाढवून डिझेलवर देतो. इंजेक्टरमधली झडप कधी उघडायची आणि कधी मिटायची, ते ईसीएम सांगतो. म्हणजे ऑइल कमी असलं, पंप थकला, किंवा एखादी ऑइल-रिंग तुटून दाब गळू लागला, तरी लक्षण तेच: सेल्फ फिरतोय, इंजिन गप्प. खोका ठणठणीत असतो आणि बोल मात्र त्याला लागतो.

मालकाची पद्धत लष्करी मॅन्युअलातल्या तक्त्यांसारखीच आहे, फक्त त्याने ती तीन प्रश्नांवर आणून ठेवली आहे. किल्ली फिरवल्यावर लॅपटॉप ईसीएमशी बोलतो का? सेल्फ मारताना पडद्यावर इंजिनाचे फेरे दिसतात का? आणि ऑइलचा दाब चढतो का?

पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर खोक्यापर्यंत करंट पोहोचतोय का ते आधी बघायचं. फेरे दिसत नसतील तर कॅमशाफ्टच्या गतीचे सेन्सर आणि त्यांच्या तारा. फेरे आहेत पण दाब नाही, तर बहुधा मेकॅनिकचं काम, इलेक्ट्रिशियनचं नाही. तिन्ही बरोबर निघाली तर इंजेक्टर. त्यांच्यासाठी कॅटरपिलरच्या सॉफ्टवेअरमध्ये छान सोय आहे: इंजिन बंद ठेवून एकेका इंजेक्टरला हुकूम द्यायचा आणि कान लावायचा. व्हॉल्व्ह कव्हरखालून टक, टक, टक असे सहा आवाज ओळीने यायला हवेत. मधलाच एखादा गिळला गेला की कव्हर उघडून आतली तार कुठे घासली आहे ते पाहायचं. इंजेक्टरच्या तारांवर बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज असतो, म्हणून ही परीक्षा चालू असताना तिथे कुणी हात घालत नाही.

फॉल्ट कोडांवर गिऱ्हाइकाचा फार विश्वास असतो. या पिढीच्या इंजिनात ५५ म्हणजे सध्या दोष सापडलेला नाही, ३४ म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा सिग्नल हरवला, ५१ म्हणजे ईसीएमला मिळणारा बॅटरीचा पुरवठा मध्येच तुटला. खोक्याच्या स्वतःच्या दोषासाठी ५३ आहे, आणि तो क्वचितच दिसतो. पण कोड तक्रार कुणाची आहे ते सांगतो, गुन्हा कुणाचा ते सांगत नाही. ३४ वाचून लोक सेन्सर बदलतात, आणि तुटलेली तार जागच्या जागी राहते.

बॅटरीची पेटी हे तर स्वतंत्र प्रकरण. तिच्यात सहसा चार भल्यामोठ्या बॅटऱ्या असतात, दोन-दोन एकामागे एक जोडून २४ व्होल्टच्या केलेल्या, आणि जोडीच्या मधून १२ व्होल्टचा फाटा काढलेला. अल्टरनेटरही दुहेरी, २८ आणि १४ व्होल्ट देणारा. लष्करात याला धक्का लागत नाही. नागरी मालक मात्र हौसेने १२ व्होल्टच्या फाट्यावर फ्रिज, रेडिओ, दिवे चढवत जातो. खालची बॅटरी सतत रिकामी, वरची सतत फुगलेली. बेरीज मीटरवर ठीक दिसते, पण सेल्फ मारताच खालची बॅटरी मान टाकते, क्षणभर व्होल्टेज घसरतो आणि ईसीएम मधूनच झोपून पुन्हा जागा होतो. म्हणून मालक प्रत्येक बॅटरी सुटी करून, तिच्यावर लोड टाकून तपासतो.

तारांच्या बाबतीतही तेच. तांब्याचे चाळीस धागे असलेल्या तारेतला एकच धागा शाबूत असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ खेचतच नाही. म्हणून मालक ईसीएमचा कनेक्टर काढून, पुरवठ्याच्या आणि अर्थच्या तारांमध्ये त्या व्होल्टेजला चालेल असा हेडलाइटचा बल्ब लावतो. बल्ब लख्ख पेटला तर तार खरी. पिवळट, मरतुकडा पेटला तर दोष कुठल्या तरी सांध्यात आहे आणि आता तो शोधायचा.

कनेक्टरची तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण तिथे घाई चालतच नाही. मधला ॲलन बोल्ट ढिला करून कनेक्टर सरळ ओढायचा. रबरी सील दबलंय का, पाणी शिरलंय का, पिनांवर हिरवा कळंक चढलाय का, ते भिंगातून बघायचं. मग एकेक तार चिमटीत धरून साधारण ४५ न्यूटनने, म्हणजे साडेचार किलो वजनाइतक्या जोराने ओढायची. कंपनीच्या मॅन्युअलातच ही चाचणी दिली आहे. नीट बसलेली पिन हलत नाही. सैल पिन चटकन बाहेर येते, आणि तिच्या शेपटाकडे तांब्याऐवजी हिरवी भुकटी दिसते. हे ट्रक चालून खराब होण्यापेक्षा उभे राहून जास्त खराब होतात. डेपोच्या उघड्या मैदानात वर्षानुवर्षं पडून राहायचं, लिलावाआधी प्रेशर वॉशरने धुतले जायचं, हिवाळ्यात उंदरांनी तारांच्या जुडग्यात, म्हणजे हार्नेसमध्ये, घर करायचं. पाणी तारेच्या प्लॅस्टिकच्या आवरणाआडून, धाग्यांच्या कडेकडेने हातभर लांब चढत जातं. बाहेरून मात्र तार नवीकोरी.

मागच्या उन्हाळ्यात आलेला एक एम१०७८ ए१ हायवेवर तापला की एकाएकी बंद पडायचा आणि थोड्या वेळाने आपसूक सुरू व्हायचा. ट्रकच्या मालकिणीने जुना ईसीएम विकत आणलाच होता. नोंदीत कोड ५१. थंड असताना बल्ब लख्ख पेटत होता. मग मीटर कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा धरून ठेवण्यावर लावला, एक टोक ईसीएमच्या अर्थच्या तारेला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि इंजिन चालू ठेवून हार्नेस वीत-वीतभर हलवत गेलो. चासीवरच्या एका अर्थच्या लगपाशी, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या कड्यापाशी, हात लागला आणि आकडा सव्वा व्होल्टवर उडाला. एक दशांश व्होल्टपुढे जायला नको होता.

बोल्ट काढल्यावर कारण दिसलं. ट्रकला कधीतरी पुन्हा रंग दिला होता. लष्कराचा हा रंग रासायनिक हल्ल्यानंतर धुता यावा म्हणून खास बनवलेला, जाड आणि चिवट. रंगाऱ्याने चासीवर तो मारला आणि लग त्याच्यावरच आवळला. धातूचा स्पर्श फक्त बोल्टच्या आट्यांतून होत होता. गरम होऊन बोल्ट किंचित सैलावला की तोही जायचा. मालकाने तोंडाला मास्क चढवला, कारण या रंगाची धूळ फुप्फुसांना घातक असते, आणि रुपयाएवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासली. नवा लग, दातेरी वॉशर, वरून ग्रीस.

खोका खरोखर जातो तेव्हा त्यामागे बहुधा माणसाचा हात असतो. दुसऱ्या गाडीवरून जंप देताना केबल उलट लावलेली असते, नाहीतर कनेक्टर न काढता चासीवर वेल्डिंग केलेलं असतं. आतली पाटी सील केलेली असल्याने दुरुस्ती अवघड. आणि दुसरा खोका नुसता बोल्टने बसवून भागत नाही. त्यात या इंजिनाच्या ताकदीची फाइल हवी. स्कूल बसमधून काढलेल्या ३१२६ चा खोका बाहेरून जुळा दिसला तरी त्याच्या पोटातला हिशेब वेगळा, आणि सेटिंगवर आधीच्या मालकाचा पासवर्ड. ट्रक कदाचित सुरू होईलही, पण नंतर तो नीट का ओढत नाही, या नव्या दोषाचा शोध डोक्यावर बसतो.

त्या एम१०७८ च्या बिलात सुटे भाग म्हणून दोनच वस्तू होत्या, एक लग आणि एक वॉशर. बाकी सगळी मजुरी. मालकिणीचा चेहरा पडला. सहाशे डॉलरचा खोका बसवला असता तर निदान हातात काही दिसलं असतं, असं ती म्हणाली. म्हणून अलीकडे मालक बिलाच्या मागे घेतलेली सगळी मापं लिहून देतो: चारही बॅटऱ्यांचा लोडवरचा व्होल्टेज, अर्थचा आधीचा आणि नंतरचा, ऑइलचा दाब, ओढून पाहिलेल्या पिना. "पैसे लगचे नाहीत," तो तिला म्हणाला, "या कागदाचे आहेत. पुढे कुठे ट्रक बंद पडला तर तिथल्या मेकॅनिकला आधी हा दाखव; तो इथून पुढे सुरू करेल." तिने कागद घडी करून सन-व्हायझरमागे खोचला आणि आणलेला ईसीएम निम्म्या किमतीत विकायला ठेव म्हणून सांगितलं. मालकाने नकार दिला. त्याच्या मते तो विकत घेणाऱ्याच्या गाडीतही बहुतेक अर्थच सैल असणार.