इंग्रजी प्रावीण्य-परीक्षेतील लेखन : पेण-रोहे परिसरातील उदाहरणे

परभाषेतील लेखनाची परीक्षा या परिसरास नवीन नाही. ज्यांचे बालपण रोह्यात गेले ते चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत व १९१८ मध्ये लंडन येथील आय. सी. एस. परीक्षेत सर्वप्रथम आले. आज परदेशी विद्यापीठात प्रवेश इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे जी परीक्षा असते, तिचे स्वरूप मात्र निराळे आहे. १९८९ मध्ये सुरू झालेली ‘आयईएलटीएस’ ही तिचे परिचित उदाहरण होय. अनेक विद्यापीठे प्रत्येक विभागात स्वतंत्र किमान श्रेणी मागत असल्यामुळे, स्वविषयात उत्तम असलेला विद्यार्थीही केवळ लेखनातील अर्ध्या श्रेणीच्या उणिवेने प्रवेशास मुकू शकतो.

या परीक्षेच्या ‘अकॅडमिक’ प्रकारात लेखनासाठी ६० मिनिटे असतात. पहिल्या प्रश्नात आलेख, कोष्टक, नकाशा किंवा प्रक्रियेचे चित्र किमान १५० शब्दांत वर्णावयाचे असते; दुसरा प्रश्न किमान २५० शब्दांच्या निबंधाचा असून त्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट धरले जाते. प्रश्नास न्याय, सुसंगती, शब्दसंपत्ती व व्याकरण या चार कसोट्यांना समान महत्त्व आहे.

उणीव बहुधा शब्दसंग्रहात नसून वाक्यरचनेत असते. पेणच्या गणेशमूर्तींचेच उदाहरण घ्यावे. “शाडू साच्यात दाबतात, मूर्ती काढून, सांधे घासून, वाळवून मग रंगवतात” हे मराठी वाक्य निर्दोष आहे. येथे कर्ता अध्याहृत आहे आणि क्रिया ‘ऊन’प्रत्ययान्त रूपांनी एका माळेत ओवल्या आहेत. हेच शब्दशः इंग्रजीत नेले की कोणासाठी योजले ते न कळणारे ‘दे’ हे सर्वनाम आणि न संपणारे वाक्य हाती येते. तेथे कर्मणी प्रयोग करावा व माळ दोन-तीन वाक्यांत तोडावी. तसेच, साच्याचा प्रथम उल्लेख ‘अ मोल्ड’ असा होतो, पुढे त्याच साच्याला ‘द मोल्ड’ म्हणावे लागते. मराठीत उपपद नसल्याने हा भेद सरावानेच अंगवळणी पडतो.

कोष्टकाच्या वर्णनातील दोष वेगळा. रोह्याच्या मासिक पर्जन्यमानाचे कोष्टक दिल्यास विद्यार्थी बाराही महिन्यांचे आकडे क्रमाने वाचून दाखवितो. अपेक्षा असते ती प्रधान लक्षणाची : बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हे विधान आरंभीच करावे. निवडक आकडे त्याच्या पुष्ट्यर्थ यावेत.

निबंधात पाठ केलेली प्रस्तावना उपयोगी पडत नाही. प्रश्नाशी विसंगत असे तयार साचे परीक्षकास सहज ओळखू येतात. पर्यावरणास बाधक ठरणाऱ्या पारंपरिक व्यवसायास संरक्षण द्यावे काय, असा प्रश्न आल्यास पेणच्या विद्यार्थ्याजवळ प्लास्टर व शाडू यांच्या वादाचे प्रत्यक्ष ज्ञान असते. आपले मत प्रथम मांडून, प्रत्येक परिच्छेदात एक कारण व त्याचा दाखला दिल्यास हे ज्ञान फलदायी होते.

यास्तव तयारीचा क्रम साधा आहे. आठवड्यातून दोनदा परिसरातील एखादी प्रक्रिया वा कोष्टक २० मिनिटांत आणि एक निबंध ४० मिनिटांत लिहावा. दुसऱ्या दिवशी तो केवळ कर्ता, उपपद व वाक्याची लांबी एवढ्यासाठी तपासावा. विचार स्वतःच्या भूमीतून घ्यावा, वाक्याची घडण मात्र इंग्रजीची असावी, हेच या अभ्यासाचे मर्म होय.