जुन्या गाडीत नवा स्टिरिओ

जर्मनीतल्या फोक्सवॅगन कंपनीने १९५० साली पावासारख्या गोलसर आकाराची, मागे इंजिन असलेली एक व्हॅन बनवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कारखान्याने तिच्यात झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय करून दिली. ही ‘कॅम्पर व्हॅन’ युरोप-अमेरिकेत फार लोकप्रिय झाली आणि हौशी मंडळींनी त्या काळातल्या गाड्या आजही जपल्या आहेत. अशा गाडीत आजचा स्टिरिओ बसवायचा तर काय करावे लागेल? प्रश्न हौसेचा आहे खरा, पण शाळेतला विजेचा जवळजवळ सगळा धडा त्यात येतो. शिवाय तो धडा कच्चा राहिला तर गाडी पेटू शकते.

पहिली अडचण व्होल्टची. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत या गाड्यांतली विद्युत यंत्रणा ६ व्होल्टची होती. (आपल्याकडच्या जुन्या मोटरसायकलींतही ती तशीच असे.) स्टिरिओला लागतात १२ व्होल्ट. ‘मग ट्रान्सफॉर्मर लावावा’ असे वर्गात कोणीतरी हमखास सुचवते. पण ट्रान्सफॉर्मरला प्रत्यावर्ती प्रवाह लागतो आणि बॅटरी देते दिष्ट प्रवाह. म्हणून सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करून दाब वाढवणारे छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण मध्ये बसवतात. अर्थात ऊर्जा फुकट मिळत नाही. ६० वॉट घेणाऱ्या स्टिरिओला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, तर ६ व्होल्टच्या बॅटरीतून निदान १० अँपिअर काढावे लागतात.

हे उपकरण ठेवायचे कुठे? या गाडीत बॅटरी मागे, इंजिनाशेजारी असते आणि स्टिरिओ पुढे, चालकासमोर. दोघांमध्ये वळणे धरून ५ मीटर तार लागते. (परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा.) तांब्याच्या १.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या एवढ्या तारेचा रोध सुमारे ०.०५७ ओहम येतो. किरकोळ वाटतो ना? उपकरण मागे बॅटरीजवळ ठेवले तर तारेतून ५ अँपिअर जातात आणि १२ पैकी ०.२८ व्होल्ट वाटेत खर्च होतात. तेच पुढे ठेवले तर तारेतून १० अँपिअर जातात आणि ६ पैकी ०.५७ व्होल्ट जातात. तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. वीज दूरवर नेताना दाब वाढवून का नेतात, हे शिकवायला याहून सोपे उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

आता फ्यूज. स्टिरिओच्या पाठीवर एक फ्यूज असतोच, मग दुसरा कशाला? समजा, गाडी १२ व्होल्टची करून घेतली आहे. पत्र्याच्या भोकातून नेलेली तार कडेला घासून सोलली आणि सांगाड्याला टेकली. स्टिरिओचा फ्यूज त्या जागेच्या पुढे असल्याने त्याला याचा पत्ताच लागत नाही. बॅटरीचा अंतर्गत रोध धरूनही तारेतून दीडशे अँपिअर सहज वाहतील. ०.०५७ ओहमच्या तारेत त्यामुळे हजार वॉटहून जास्त, म्हणजे इस्त्रीइतकी उष्णता निर्माण होईल आणि काही सेकंदांत प्लॅस्टिकचे आवरण वितळेल. या गाडीत पेट्रोलची टाकीही मागेच असते. शिवाय इंजिनाचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. मॅग्नेशियमची फीत पेटवून दाखवणाऱ्या शिक्षकांना अधिक सांगायला नको! म्हणून फ्यूज बॅटरीला लागूनच हवा आणि भोकात रबरी कडे हवे.

खोक्यावर ‘४ × ५० वॉट’ छापलेले असते आणि फ्यूज मात्र १० अँपिअरचा असतो. इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १४.४ व्होल्टने गुणले तर आत येणारी शक्ती १४४ वॉट. मग बाहेर २०० कशी पडणार? ४ ओहमच्या स्पीकरला पुरे १४.४ व्होल्ट सतत, नुसती दिशा बदलत दिले तर १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे सुमारे ५२ वॉट होतात. खोक्यावरचा आकडा इथून येतो. पण हा चौकोनी तरंग झाला. ऐकायला तो करवतीसारखा कर्कश. स्वच्छ सुराचा तरंग वळणदार असतो. त्याचे परिणामी मूल्य १०.२ व्होल्ट आणि शक्ती २६ वॉट. प्रत्यक्षात याहूनही थोडी कमीच. आकडा खोटा नाही, पण ग्राहकाची दिशाभूल करणारा नक्कीच आहे.

एक बारकावा राहिला. जुन्या रेडिओत स्पीकरची एक तार अनेकदा सांगाड्यालाच जोडलेली असे. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही तारांवर दाब असतो, त्यामुळे ती जुनी जोडणी ठेवली तर आतला प्रवर्धक जळू शकतो. दोन्ही तारा स्वतंत्र ओढाव्यात.

स्टिरिओच्या पिवळ्या तारेला बॅटरीचा पुरवठा कायम लागतो. घड्याळ आणि लक्षात ठेवलेली केंद्रे तिच्यावर चालतात. लाल तार किल्लीवर असते. मुक्कामी संगीत ऐकायचे म्हणून काहीजण लाल तारही थेट बॅटरीला जोडतात. हळू आवाजात १ अँपिअर धरला तरी ४५ अँपिअर-तासांची बॅटरी वीस तासांत निम्मी होते, आणि जुनी असेल तर सकाळी इंजिन सुरू व्हायचे नाही. त्यापेक्षा घरगुती सामानासाठी दुसरी बॅटरी ठेवावी आणि इंजिन चालू असतानाच दोन्ही बॅटऱ्या जोडणारा रिले मध्ये बसवावा.