संगीत रंगभूमीवरील हिराबाई

अण्णासाहेब किर्लोस्करांनी इ. स. १८८० मध्ये पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी नाटकाची नायिका गाऊ लागली. परंतु तो आवाज स्त्रीचा नव्हता. स्त्रीभूमिका पुरुषच करीत. प्रथम भाऊराव कोल्हटकरांनी व पुढे बालगंधर्वांनी त्या अशा गाजविल्या की, बालगंधर्वांच्या नेसण्या-वावरण्याचे अनुकरण घरंदाज स्त्रियाही करीत. मात्र खऱ्या स्त्रीने नाटकात काम करणे समाजाला कमीपणाचे वाटे! केवळ स्त्रियांच्या अशा काही नाटकमंडळ्या होत्या. पण तेथे पुरुषांची कामेही स्त्रियांनाच करावी लागत.

हिराबाई बडोदेकरांचा जन्म ३० मे १९०५ रोजी मिरज येथे झाला. किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ हे त्यांचे वडील. पुढे आईवडील विभक्त झाले व मुले आई ताराबाई माने यांच्याजवळ राहिली. हिराबाईंना थोरले बंधू सुरेशबाबू माने व उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली. एकेका स्वरावर स्थिरावत, सावकाश आलापी करीत राग उलगडणे हा या गायकीचा विशेष होय.

सन १९२९ च्या सुमारास माने कुटुंबाच्या नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा निघाली आणि हिराबाई सुरेशबाबूंसह रंगभूमीवर उभ्या राहिल्या. ‘सौभद्र’ तर प्रेक्षकांना तोंडपाठ होते. त्यांच्या कानांत बालगंधर्व गुंजत होते. त्यांच्यापुढे नायिका म्हणून गाणे ही सामान्य गोष्ट नव्हती. शिवाय नाटकातील पद म्हणजे मैफल नव्हे. तेथे रागाचा विस्तार करीत बसले, तर नाटकातला प्रसंग ताटकळतो. शांत, लांब आलापीची सवय असलेल्या गळ्याला थोडक्यात भाव प्रकट करून थांबावे लागते. स्त्रीपुरुषांनी एकत्र काम करण्याच्या संदर्भात ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेच्या १९३३ मधील प्रयोगाचा गौरव होतो, व तो योग्यच आहे. पण हिराबाईंनी ते पाऊल त्याआधीच टाकले होते, हेही सांगितले पाहिजे.

ही मंडळी फार काळ टिकली नाही. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि प्रेक्षक तिकडे वळला. पडदे, पोशाख, बिऱ्हाडाचा खर्च यांखाली मोठमोठ्या मंडळ्या वाकल्या. मान्यांच्या माथीही कर्ज आले. ते हिराबाईंनी गाऊन फेडले. गावोगावी त्यांच्या मैफली होऊ लागल्या. गायिका म्हणजे खाजगी बैठकीत हावभाव करून रिझविणारी, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. हिराबाई साधी साडी नेसून, तंबोऱ्यांमध्ये स्थिर बसून गात. कुलीन घरांतील माणसे सहकुटुंब तिकीट काढून येऊ लागली. नाटकाने त्यांना कर्ज दिले, तसे शेकडो लोकांसमोर निःसंकोच गाण्याचे बळही दिले असावे, असे वाटते.

पुढे धाकट्या भगिनी सरस्वती राणे यांच्यासह त्यांनी जुगलबंदीही गाइली. दोन स्त्रियांनी मिळून ख्याल गाणे तेव्हा नवे होते. १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९७० मध्ये ‘पद्मभूषण’ हा किताब त्यांना मिळाला. २० नोव्हेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. सुरेशबाबू व हिराबाई यांच्याकडे शिकलेल्या प्रभा अत्रे यांनी ही गायकी पुढे एकविसाव्या शतकापर्यंत आणली.