बारवीचा पाऊस आणि घरातलं कासव : पेटीतली हवा किती दमट हवी?

बारवी धरणाच्या परिसरात, म्हणजे बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरकडे, जुलैत कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. मे महिन्यात त्याच बदलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि ज्यांच्याकडे एसी आहे तो दिवसभर चालू असतो. डिसेंबरच्या पहाटे पुन्हा गारठा. माणूस यातून निभावून नेतो. पेटीत ठेवलेल्या कासवाला मात्र जी हवा मिळेल तीच घ्यावी लागते, आणि घरी पाळलेली बरीच कासवं आजारी पडतात ती या हवेमुळेच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मराठीत जमिनीवरचं आणि पाण्यातलं, दोन्हीला आपण कासवच म्हणतो. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं हिरवं पिल्लू पाण्यातलं आहे. त्याला स्वच्छ पाणी हवं आणि बाहेर येऊन अंग पूर्ण सुकवायला उबदार कोरडी जागा हवी. दमटपणाचा खरा प्रश्न जमिनीवरच्या कासवाचा. त्यातही पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं स्टार कासव घरी ठेवणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे आणि शिक्षा किमान तीन वर्षांची. ‘घरात बरकत येते’ म्हणून कुणी ते विकत असेल तर त्या बोलण्याला दीनमध्येही आधार नाही, कायद्यात तर नाहीच. सल्काटासारख्या परदेशी कासवाचीही 2024 च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते.

आता हवेकडे येऊ. सल्काटा आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं. म्हणून लोक समजतात की त्याला कोरडं ठेवलं की झालं. पण तिथे हे कासव दिवसाचा बराच वेळ जमिनीत खोल बीळ करून बसतं आणि बिळातली हवा ओलसर असते. पेटीत बीळ नाही, वर बल्ब तापतोय, म्हणजे पिल्लू चोवीस तास कोरड्यात. व्हिएन्नातल्या संशोधकांनी 2003 मध्ये सल्काटाची पिल्लं वेगवेगळ्या दमटपणात वाढवून पाहिली. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठीवर उंच टेंगळं आली, दमट हवेतल्यांची पाठ बरीच गुळगुळीत राहिली. खाण्यातल्या प्रथिनांचा परिणाम त्या मानाने किरकोळ निघाला. एकदा आलेलं टेंगूळ पुन्हा सपाट होत नाही, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं महत्त्वाची.

मग बारवीकडच्या पावसाळ्यात काळजीच नको, असं वाटेल. इथेच गफलत होते. हवा तापली की तिचा सापेक्ष दमटपणा उतरतो. खोलीत 25 अंश आणि 90 टक्के दमटपणा असेल, तर तीच हवा बल्बखाली 32 अंशांपर्यंत तापल्यावर साधारण 60 टक्क्यांवर येते. डिसेंबरात 15 अंश आणि 80 टक्के असलेली हवा 30 अंशांवर नेली तर जेमतेम 32 टक्के उरते. म्हणून खोलीचा किंवा मोबाईलवरचा आकडा कामाचा नाही. काही शे रुपयांत मिळणारं डिजिटल हायग्रोमीटर घ्या आणि ते पेटीत, कासवाच्या उंचीवर ठेवा. मीटर खरं सांगतंय का हे घरीच तपासता येतं. झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ पाण्याने नुसतं ओलसर करून ठेवा, शेजारी मीटर, झाकण घट्ट, सात-आठ तास. आकडा 75 च्या आसपास यायला हवा. चार जास्त दाखवत असेल तर रोज चार वजा करून वाचा, नवीन घ्यायची गरज नाही.

पिल्लासाठी 70 ते 80 टक्के ठीक, मोठ्या सल्काटाला त्याहून कमी चालतं. तो आणायचा कसा? दिवसभर वरून पाणी फवारत बसू नका. तळाला नारळाच्या काथ्याचा भुसा चार बोटं जाड घाला, कोपऱ्यातून पाणी ओता, म्हणजे खाली ओल राहील आणि वरचा थर कोरडा. एक उलटा टब कापून दार करा, आत ओलसर भुसा, हेच त्याचं बीळ. पेटीच्या जाळीचा अर्धाअधिक भाग झाका, पण पूर्ण बंद करू नका. हवा कोंडली की बुरशी आलीच. पिल्लाला रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट, हनुवटीच्या खाली राहील इतक्या पाण्यात बसवा. हे पाणी वुजूच्या किंवा स्वयंपाकाच्या भांड्यात नको, आणि नंतर हात साबणाने धुवा. कासवांमधून साल्मोनेलाचा संसर्ग होतो, लहान मुलांना विशेष जपा.

दमट हवेइतकीच ऊब महत्त्वाची. दमट आणि उबदार हवा कासवाला मानवते, दमट आणि गार हवा त्याच्या फुप्फुसांवर येते. पावसात वीज गेली की बल्ब विझतो, ऊब जाते, ओल मात्र तशीच राहते. अशा वेळी कासव कोरड्या खोक्यात वर्तमानपत्रावर ठेवा, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. रात्री पेटी 25 अंशांखाली जाऊ देऊ नका. नाकातून पाणी, फुगे, तोंड उघडून श्वास, कवचावर मऊ किंवा वास येणारे डाग, यांतलं काहीही दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठा. माणसाची औषधं देऊ नका.

मांजरीला बांधून ठेवून ना खाऊ घातलं, ना स्वतःचं खाणं शोधायला मोकळं सोडलं, अशा स्त्रीची हदीस आपल्याला ठाऊक आहे. मोकळं कासव ओल हवी तर जमीन उकरतं, ऊब हवी तर उन्हात जातं. पेटीतलं कासव तेही करू शकत नाही. ते सगळं आपल्यावर आहे.

आणि झेपत नाही म्हणून ‘बारवीत सोडून दे’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही, ते बुडून मरतं. पाण्यातलं परदेशी कासव जगतं, पण तिथल्या देशी कासवांच्या जागेवर आणि खाण्यावर हक्क सांगतं, आणि हे धरण आसपासच्या शहरांच्या पिण्याच्या पाण्याचं आहे. वन विभागाची हेल्पलाइन 1926 आहे. तिथे फोन करून कासव कुठे आणि कसं सुपूर्द करायचं ते विचारा, आणि नेईपर्यंत त्याची पेटी उबदार ठेवा.