नोंगत्राय : चुनखडीचे गाव आणि गावाचा कौल

कोलकात्यातील सियालदह स्थानकातून फाळणीपूर्वी पूर्व बंगाल आणि सुरमा खोऱ्याकडे गाड्या सुटत असत. मात्र त्या प्रदेशाशी कोलकात्याचे असलेले नाते रेल्वेपेक्षाही जुने आहे. खासी टेकड्यांच्या पायथ्याची चुनखडी भाजून केलेला सिल्हेटचा चुना अठराव्या शतकापासून नावांतून कोलकात्यात येत असे. शहरातील विटांच्या जुन्या इमारतींचे बांधकाम त्यातूनच झाले. सिल्हेटमधील ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी रॉबर्ट लिंडसे यांनी या व्यापारात मोठी संपत्ती मिळवली.

याच टेकड्यांत, बांगलादेश सीमेजवळ, मेघालयातील नोंगत्राय हे छोटे खासी गाव आहे. येथील चुनखडी सुमारे १७ किलोमीटर लांबीच्या वाहक पट्ट्यावरून सीमेपलीकडील छातकच्या सिमेंट कारखान्यात जाते.

ही चुनखडी कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी, सागरी जीवांच्या कवचांपासून तयार झाली. पावसाच्या पाण्यात हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड मिसळून सौम्य आम्ल बनते. हे आम्ल खडक हळूहळू विरघळवते. त्यातून भेगा रुंदावतात आणि मावस्माईसारख्या गुहा निर्माण होतात. पाणी पृष्ठभागावर न थांबता भूगर्भातील वाटांनी वाहते व पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे अशा प्रदेशातील खाणकामाचा प्रश्न केवळ दगडापुरता राहत नाही. तो जंगलाचा आणि पाण्याचाही होतो.

नोंगत्रायची खाण वनजमिनीवर आहे काय, यावरून वाद निर्माण झाला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१० मध्ये खाणकामास स्थगिती दिली. ६ जुलै २०११ रोजी सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने पर्यावरणविषयक अटींसह खाणकामास अनुमती दिली. शेला परिसरातील संघटनेचा विरोध असला, तरी नोंगत्रायच्या ग्रामदरबाराने दिलेली संमती न्यायालयाने महत्त्वाची मानली. खासी समाजात जमिनीची मालकी प्रामुख्याने कुळांकडे व गावसमुदायाकडे असते, ही त्यामागील पार्श्वभूमी होय.

चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतही चुनखडीच्या खाणी आहेत. सिमेंटची गरज सर्वांनाच असते. खाणीची झळ मात्र प्रथम जवळच्या गावाला बसते. त्या गावाचे मत निर्णयापूर्वी विचारले जाणे म्हणूनच अगत्याचे ठरते.