विणकरदादाचा माग आपल्या अंगणात

सोलापूरहून अक्कलकोटकडे एसटी निघाली की वाटेत एमआयडीसी लागते. अक्कलकोट रोडच्या या कारखान्यांत यंत्रमागांवर चादरी आणि टॉवेल निघतात. सोलापुरी चादर तुमच्याही घरी असेलच. पण ती कोणी विणली, हे दोन-अडीच वर्षांच्या लेकराला सांगून कळायचे नाही. त्याच्या हातांना कळू द्या.

एक स्टूल उलटे ठेवा. चारी पायांना सुतळीचे ताठ वेढे द्या. जुन्या लुगड्याच्या वीतभर चिंध्या फाडून टोपलीत घाला आणि मुलाला जवळ बसवा. एक चिंधी ते आत खोचील, दुसरी लोंबती ठेवील, तिसरी ओढून काढील. काढू द्या. "असं नव्हे, एक वर, एक खाली," म्हणत त्याचा हात धरू नका. या वयात चित्र कसे झाले याला महत्त्व नाही. हात चालला, हे महत्त्वाचे. चिंधी मात्र वीतभराहून लांब नको, गळ्याला गुंडाळली जाते. खेळ झाला की सुतळीही सोडून ठेवा.

हे काही शहरातले फॅड नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांच्याच जोरावर. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची रीत. आपल्या गावच्या अंगणवाडीचे मूळ तिथले.

आता दुसरे काम. याच एमआयडीसीत १८ मे २०२५ ला एका टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली. आठ माणसे गेली, त्यांत दीड वर्षाचे एक लेकरूही होते. अग्निशमन दलाचे जवान कितीतरी तास पाणी मारत होते. ही गोष्ट मुलाला सांगायची नाही. पण आग विझवणारा काका कोण, हे त्याला ठाऊक असावे. कारण भेदरलेले मूल खाटेखाली, कणगीमागे दडते आणि हाक मारली तरी ओ देत नाही.

फरशीवर गेरूने मोठमोठ्या ज्वाळा ओढा. त्यालाही हातभर रेघोट्या मारू द्या. मग तांब्याभर पाणी आणि ओले फडके द्या. "बंबवाले काका आले! कुठे आहेस रे?" अशी हाक द्या, "इथे आहे!" म्हणत त्याने पुढे यायचे आणि आग पुसून टाकायची. लाल पाणी वाहते, हात माखतात, मूल पुन्हा आग काढा म्हणते. काढा. दहादा काढा. मोठ्या भावंडांकडून १०१ हा आकडा पाठ करून घ्या.

पोस्टमनदादासाठी भेंडीचा देठाकडचा भाग आडवा कापा, हळदीच्या पाण्यात बुडवून जुन्या कागदावर शिक्के उमटवू द्या. कुंभारासाठी मीठ घालून मळलेला कणकेचा गोळा पुरे. एक-दोन दिवस टिकतो, फक्त तोंडात जाऊ देऊ नका. एसटीच्या ड्रायव्हरला तर काहीच नको. ताटली हातात द्या, मूल स्वतःच घंटी वाजवील.

हळदीचे डाग पडतात, म्हणून अंगात जुनेच झबले घाला. धुऊन उन्हात वाळवले की डाग फिके होतात.