हसून झालं, आता शेवट आठवा!



यात्रेच्या तंबूत म्हणा की घरच्या टीव्हीवर, ‘पति पत्नी और वो’ हा हिंदी सिनेमा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. बी. आर. चोप्रांचा हा विनोदी चित्रपट 1978 साली आला. 2019 साली तो नव्या नटांना घेऊन पुन्हा निघाला. म्हणजे विषय काही जुना होत नाही!

गोष्ट साधी आहे. रणजीत (संजीव कुमार) हा नोकरदार माणूस. घरी शारदेसारखी (विद्या सिन्हा) गुणी बायको, एक मुलगा. पण कचेरीतल्या निर्मलेवर (रंजिता) त्याचं मन जातं. तिची दया मिळवायला तो सांगतो, बायको आजारी आहे, फार दिवसांची सोबती नाही. इकडे धडधाकट शारदा त्याचा डबा भरत असते! आपण पोट धरून हसतो.

आपल्याकडे थापा निराळ्या. ‘आज रात्रीची लाइट आहे, मोटर चालू करायला जातो.’ ‘कारखान्यावर उसाची गाडी खाली व्हायला उशीर लागला.’ थाप पकडली गेली की पारावर हशा होतो. पण चुलीपुढे बसलेल्या बाईला त्यात हसण्यासारखं काही नसतं.

शारदेला रुमालावर ओठांचा रंग सापडतो. ती आदळआपट करीत नाही. पुरावा गोळा करते, थेट निर्मलेला गाठते आणि खोटं उघडं पाडते. संसार मोडता मोडता वाचतो. पण खरा शेवट पुढेच आहे. कचेरीत नवी सेक्रेटरी (परवीन बाबी) येते आणि गडी पुन्हा पाघळू लागतो! ऐन वेळी मित्र समोर येतो, म्हणून निभावतं.

लव्हाळा वरून खुरपला की रान स्वच्छ दिसतं. जमिनीतल्या गाठी तशाच राहतात. पहिल्या पाण्याला तो पुन्हा वर येतो. नुसत्या माफीचं तसंच आहे.

शारदा घर सोडण्याची तयारी दाखवू शकली, म्हणून रणजीत वठणीवर आला. आपल्या नगर जिल्ह्यात कांदा लावणारी, धारा काढणारी बाई कशाच्या जोरावर तसं म्हणेल? सातबाऱ्यावर तिचं नाव कुठे आहे? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम काढली. पुढे 1992 साली शासनानेही नवऱ्याच्या अर्जावरून पत्नीचं नाव सातबाऱ्याला लावण्याची योजना आणली. तरी आजही कितीतरी उताऱ्यांवर नाव एकट्या धन्याचंच आहे.

तेव्हा बंधूंनो, सिनेमा पाहून जरूर हसा. पण सकाळी तलाठ्याकडे जाऊन अर्जाची चौकशी करा. मनात खोट नसेल, तर कारभारणीचं नाव आपल्या नावाशेजारी लागायला हरकत कसली?